हवा कुणाची आधी संपते

अग्निशमन दलातला माणूस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक शरीर येतं. रुंद छाती, दंडावर बेटकुळ्या, पोट सपाट. माझा धाकटा भाऊ याच नोकरीत आहे. त्याची ओळख करून दिली की समोरचा हमखास एकदा त्याच्या दंडांकडे बघतो आणि एकदा पोटाकडे. दंड बरे आहेत. पोटही आहे, थोडंसं. मग समोरच्याचा चेहरा किंचित पडतो, आणि भावाला त्याचं आता हसू येतं. "ताई, यांना वाटतं आम्ही आगीशी कुस्ती खेळतो," असं म्हणतो.

या कामात शरीराकडून नेमकं काय मागितलं जातं, हे मलाही बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. बातमीत आपण ज्वाळा बघतो, शिडी बघतो, फार तर कुणाला तरी खांद्यावर घेऊन येणारा जवान बघतो. त्याआधीचं सगळं धुराच्या आत घडलेलं असतं आणि ते बरंचसं हमालीचं काम असतं.

वजनापासूनच सुरुवात करू. कोट, पँट, बूट, हेल्मेट, हातमोजे आणि पाठीवर हवेच्या सिलिंडरचा बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायचं उपकरण, हे सगळं मिळून वीस-पंचवीस किलोंच्या घरात जातं. त्याशिवाय हातात काहीतरी असतंच. कुऱ्हाड, घण, पाण्याच्या होजची गुंडाळी. होजचा हिशेब तर शाळेतल्या भूमितीने करता येतो. ६४ मिलिमीटर व्यासाचा, २० मीटर लांबीचा होज पाण्याने भरला की त्यात साधारण ६४ लिटर पाणी मावतं, म्हणजे ६४ किलो. होजचं स्वतःचं वजन वेगळं. ४५ मिलिमीटरचा घेतला तर हे ओझं निम्म्यावर येतं. रिकामा होज कुणीही ओढेल. दाबाखाली ताठ झालेला, भरलेला होज जिन्याच्या वळणावरून वर न्यायचा म्हणजे प्रत्येक वळणावर एक माणूस वाकून उभा लागतो.

मग उष्णता. बाहेरची आग आत येऊ नये म्हणून जो कोट इतका जाड केलेला असतो, तोच आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. घाम येतो, पण तो वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होण्याचा शरीराचा हुकमी उपाय तिथे चालत नाही. शरीर तापत जातं, पाणी कमी होत जातं आणि हृदयाला त्याच कामासाठी जास्त ठोके टाकावे लागतात.

आणि हवा. ती तर मोजूनच मिळते.

एकदा त्यांच्या केंद्रावर कुटुंबीयांना बोलावलं होतं. हौस म्हणून मी तो पोशाख चढवला. चढवला म्हणजे दोघांनी मिळून मला त्यात भरलं. पँट बुटांवर खाली सरकवूनच ठेवलेली असते. पाय बुटात घालायचे आणि पँट वर ओढायची. मग कोट. मग पाठीवर सेट. खांद्याचे पट्टे ओढून झाल्यावर भावाने कमरेचा पट्टा असा आवळला की मी कळवळले. "वजन खांद्यावर घेऊ नकोस, कमरेवर घे," म्हणाला. मास्क लावून पहिला श्वास ओढला तेव्हा व्हॉल्व्हचा खट्ट आवाज आला, पाठोपाठ हवेचा फुस्कारा, आणि त्यानंतर कानात दुसरं काही उरलंच नाही. फक्त स्वतःचा श्वास. बाजूचं दिसेनासं झालं. कुणी हाक मारली तर मान नाही, सगळं अंगच वळवावं लागत होतं.

आग नव्हती, धूर नव्हता. ड्रिल टॉवरचा साधा जिना होता, भर उजेडातला. दुसऱ्या मजल्यावर माझ्या मांड्या भरून आल्या आणि तिसरा यायच्या आत मी कठडा धरून उभी राहिले. छातीवर लोंबणाऱ्या, उरलेली हवा दाखवणाऱ्या गेजचा काटा माझ्या डोळ्यांदेखत खाली चालला होता. भाऊ मागेच होता, तसाच सेट लावून. माझे दोन-तीन श्वास होईपर्यंत त्याचा एक ऐकू येत होता. जिना तोच, ओझं तेच. खाली आल्यावर त्याने दोन्ही गेज शेजारी शेजारी धरून दाखवले. माझ्या सिलिंडरमधली हवा त्याच्यापेक्षा बरीच जास्त गेली होती.

सिलिंडरवर जी अर्ध्या तासाची मुदत सांगतात, ती मिनिटाला ४० लिटर हवा लागेल असं धरून काढलेली असते. ओझं घेऊन जिने चढणारा, दार फोडणारा माणूस सहज त्याच्या दुप्पट हवा ओढतो. मग अर्ध्या तासाची पंधरा मिनिटं होतात, आणि त्या पंधरात परत यायचा वेळही धरायचा असतो. ज्याचा दम चांगला, त्याला त्याच कामाला कमी हवा लागते. पण आत कुणी एकटं जात नाही. निदान दोघं जातात, आणि दोघांपैकी ज्याच्या सेटची हवा संपत आल्याची शिटी आधी वाजेल त्याच्याबरोबर दोघांनीही बाहेर पडायचं असतं. तंदुरुस्त जवानाच्या पाठीवर दहा मिनिटांची हवा शिल्लक असली तरी ती तिथे कामाची नाही. जोडीदाराची संपली की आतला शोध थांबला. हे कळल्यापासून या शारीरिक कसोट्यांकडे मी वेगळ्या नजरेने बघते. जिममध्ये न जाणं ही माझी खासगी बाब आहे. भावाची नाही.

मग हे शरीर मोजायचं कसं?

पूर्वी टेप आणि वजनकाटा पुरत होता. उंची, वजन, छाती फुगवून किती, न फुगवता किती. पुढे धावणं आलं, दोरावर चढणं आलं. या सगळ्यात एक गृहीत होतं की मजबूत दिसणारा माणूस मजबूत काम करतो. त्याची झाडाझडती व्हायला न्यायालयं लागली. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने १९७७मध्ये भरतीची परीक्षा पहिल्यांदा बायकांना खुली केली. लेखी परीक्षा पार करून शारीरिक चाचणीला आलेल्या बायकांपैकी एकही उत्तीर्ण झाली नाही. त्यांतल्या ब्रेंडा बर्कमन यांनी दावा लावला. चाचणी अवघड आहे अशी त्यांची तक्रार नव्हती; ती प्रत्यक्ष कामाशी जुळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. १९८२मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं, चाचणी नव्याने आखली गेली आणि त्याच वर्षी चाळिसाहून अधिक बायका दलात दाखल झाल्या.

दुसरं प्रकरण कॅनडातलं, आणि मला ते जास्त बोलकं वाटतं. टॉनी मेयोरिन ब्रिटिश कोलंबियात जंगलातल्या वणव्यांवर काम करत होत्या. तीन वर्षं काम केलेलं, कामाबद्दल कुणाची तक्रार नाही. मग नवीन कसोटी आली: अडीच किलोमीटर ११ मिनिटांत धावायचं. चार प्रयत्नांत त्यांची सर्वांत चांगली वेळ ४९.४ सेकंदांनी हुकली आणि नोकरी गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. तिथे पुढे आलेला तपशील असा की पहिल्या फटक्यात पुरुषांपैकी ६५ ते ७० टक्के ही कसोटी पार करत, बायकांपैकी ३५ टक्के. न्यायालयाने विचारलं की ११ मिनिटांत न धावणारा माणूस हे काम सुरक्षितपणे करू शकत नाही, हे कशावरून? सरकारकडे त्याचं उत्तर नव्हतं. चांगले जवान साधारण किती धावतात याचा अभ्यास झाला होता. कामाला कमीत कमी किती लागतं, हे कुणी पाहिलंच नव्हतं. १९९९मध्ये मेयोरिन यांना नोकरी परत मिळाली.

या निकालांवर एक ठरलेली कुरकुर असते, की बायकांसाठी दर्जा खाली आणला. भाऊ नोकरीला लागला तेव्हा त्याच्या बरोबरीचेही असंच बोलायचे म्हणे. मला ती पटत नाही. आधीचा दर्जा वर होता हे तरी कुणी तपासलं होतं? छाती पाच सेंटिमीटर फुगते म्हणून कुणी जळत्या घरातून बाहेर आलेला नाही.

कामावरून बेतलेली कसोटी कशी असते, त्याचा चांगला नमुना अमेरिका आणि कॅनडात वापरली जाणारी सीपॅट ही चाचणी. १९९०च्या दशकाच्या अखेरीस जवानांची संघटना आणि दलप्रमुखांची संघटना यांनी मिळून ती तयार केली. नोकर आणि मालक यांनी एकत्र बसून परीक्षा काढावी, हेच मुळात दुर्मीळ. उमेदवाराच्या अंगावर साधारण २३ किलोंचा वजनदार जाकीट असतो, तो शेवटपर्यंत काढायचा नाही. पहिलंच काम जिना. त्यासाठी दोन्ही खांद्यांवर मिळून आणखी ११ किलो ठेवतात आणि फिरत्या जिन्याच्या यंत्रावर मिनिटाला ६० पायऱ्या या वेगाने तीन मिनिटं चढायचं. कठड्याला टेकलात तर ताकीद. दोन ताकिदी झाल्या की तिसऱ्या वेळी बाद. मी तिसऱ्या मजल्याआधी जे केलं ते तिथे चाललं नसतं.

मग खांद्यावरचं जादा वजन उतरतं आणि बाकीची सात कामं ओळीने येतात. होज ओढत न्यायचा आणि गुडघ्यावर बसून पुढचा ओढून घ्यायचा. दोन करवती फडताळातून उतरवून फिरवून आणायच्या. शिडी उभी करायची, दुसरी वर सरकवायची. घणाने यंत्रावर ठोके घालायचे, दार फोडल्यासारखे. अंधाऱ्या बोगद्यातून रांगत जायचं. त्यात वळणं आहेत, अडथळे आहेत, मध्येच जागा चिंचोळी होते. ७५ किलोंचा डमी ओढत नेऊन वळसा घालून परत आणायचा. शेवटी हूक लावलेल्या काठीने छत वर ढकलायचं आणि खाली खेचायचं, पुन्हा पुन्हा, हात खांद्याच्या वर ठेवून. हे मुद्दाम शेवटी आहे. तोवर दंड संपलेले असतात. प्रत्येक कामाच्या मध्ये २६ मीटर चालायचं, आणि चालायचंच. धावायला परवानगी नाही. सगळ्याला मिळून १० मिनिटं २० सेकंद. गुण नाहीत, क्रमांक नाही. जमलं किंवा नाही जमलं, एवढंच. चाचणीआधीच्या आठवड्यांत उमेदवाराला उपकरणांची ओळख करून द्यायची आणि वेळ लावून सराव करू द्यायचा, असाही दंडक त्याला जोडलेला आहे.

वणव्यावर जाणाऱ्यांसाठी अमेरिकेत याहून साधी कसोटी आहे: पाठीवर २० किलोंचं ओझं घेऊन सपाट जमिनीवर ४.८ किलोमीटर ४५ मिनिटांत चालायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात ही चाचणी देतानाच हृदय बंद पडून माणसं गेलेली आहेत, म्हणून तिच्याआधी प्रकृतीची तपासणी करतात.

आणि इथेच मला खरी गोष्ट दिसते. जवानांचे मृत्यू म्हटले की आपल्याला भाजणं आठवतं, छत कोसळणं आठवतं. २००७मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९९४ ते २००४ या काळात अमेरिकेत कामावर असताना गेलेल्या जवानांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातले मृत्यू वगळून. एकूण १,१४४ मृत्यूंपैकी ४४९ हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने झालेले. म्हणजे ३९ टक्के. त्यांतले जवळजवळ एकतृतीयांश प्रत्यक्ष आग विझवताना झाले, आणि आग विझवण्यात जवानाच्या नोकरीचा वेळ जातो तो अवघा १ ते ५ टक्के. कामाच्या त्या एवढ्याशा तुकड्यात हृदयविकाराने मरण्याचा धोका एरवीपेक्षा दहा ते शंभर पट निघाला.

कारणं एकात एक गुंतलेली आहेत. रात्री झोपेत वर्दीची घंटा वाजते आणि मिनिटभरात गाडीत बसायचं असतं. ठोके तिथेच चढतात. मग ओझं, जिना, उष्णता. घामाने पाणी जातं तसं रक्त घट्ट होतं, गुठळी धरायला सोपं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. एखाद्या रक्तवाहिनीत आधीच चरबी साचलेली असेल तर ती उघडकीला येते ती अशा वेळी. इतर दिवशी त्या माणसाला काही जाणवलेलंही नसतं.

म्हणून दमाला एक आकडा लावतात. अमेरिकेतल्या मानकांत बरीच वर्षं वापरात असलेला आकडा असा की शरीराच्या दर किलोमागे मिनिटाला ४२ मिलिलिटर प्राणवायू वापरता आला पाहिजे. स्वस्थ बसल्यावर आपल्याला जेवढा लागतो त्याच्या बारा पट. ब्रिटनमध्येही जवळपास हाच आकडा आहे. तिशी ओलांडल्यावर बैठ्या माणसाची ही क्षमता दर दशकाला साधारण एकदशांशाने उतरते; व्यायाम करणाऱ्याची कमी उतरते, पण उतरतेच. थोडं गणित केलं की कळतं, विसाव्या वर्षी पन्नासच्या घरात असलेला मुलगा काहीच न करता राहिला तर चाळिशी सरता सरता ४२च्या खाली येणार. नोकरी त्यानंतरही पुष्कळ उरते.

पण दम मोजतात तो बहुतेक ठिकाणी दारातच. भरतीच्या दिवशी मुलगा घामाघूम होऊन सगळं पार करतो, यादीत नाव येतं, आणि त्यानंतर त्याचा दम कुणी मोजत नाही. माझ्या भावाच्या दलात वर्षातून एकदा वजन, रक्तदाब, साखर बघतात आणि कागदावर सही होते. जिना कुणी चढायला लावत नाही. भरतीच्या वेळी जी कसोटी इतक्या कडकपणे घेतली, ती जर कामासाठी गरजेची असेल तर नोकरीच्या अठराव्या वर्षीही गरजेची असायला हवी. आणि अठराव्या वर्षी तिच्यावाचून चालत असेल, तर मग पहिल्या दिवशी ज्यांना घरी पाठवलं त्यांनी काय घोडं मारलं होतं?

नोकरीच तब्येत बिघडवते, हेही आहे. पाळीची झोप मोडकी. कॉल कधी येईल नेम नाही म्हणून जेवण घाईघाईने, नाहीतर अवेळी भरपेट. कॉल नसला की तासन् तास बसणं. दंड-बैठका मारायला केंद्रावर मोकळी जागा असते, पण व्यायामाला ड्यूटीतला वेळ धरलेला नसतो आणि व्यायामाने थकलेला माणूस कॉलला कसा जाईल, असा वरून प्रश्नही असतो. हा प्रश्न अगदीच बिनबुडाचा नाही. पण त्याचं उत्तर व्यायाम बंद करणं हे नक्कीच नाही. किती आणि कधी करायचा ते ठरवणं आहे.

२०१९मध्ये जोर आणि हृदयविकार यांच्यावरचा एक अभ्यास फार गाजला. १,१०४ पुरुष जवानांना दहा वर्षं पाहिलं. सुरुवातीला चाळिसापेक्षा जास्त जोर काढणाऱ्यांना दहापेक्षा कमी काढणाऱ्यांच्या तुलनेत हृदयाचे त्रास ९६ टक्क्यांनी कमी झाले. लगेच सगळीकडे 'चाळीस जोर काढा, हृदय वाचवा' सुरू झालं. मुळात दहा वर्षांत असे त्रास झाले ते ३७, आणि जास्त जोर काढणारे आधीच तरुण आणि सडसडीत होते. जोरांनी हृदय वाचलं असं तो अभ्यास म्हणत नाही. पण यंत्राशिवाय, पैशाशिवाय, केंद्राच्या फरशीवर करता येईल अशी एक खूण त्याने हातात दिली, आणि छोट्या दलांसाठी ती मोलाची आहे. भाऊ आणि त्याच्या पाळीतले काहीजण तेव्हापासून जोर मोजू लागले. त्यातही पैजा लागतात, ते वेगळं.

वार्षिक कसोटी सुरू करायची म्हटलं की खरा अडसर भीतीचा येतो. नापास झालो तर काय? घर चालतंय या पगारावर. ज्या दलात नापास म्हणजे घरी बसा असा अर्थ होतो, तिथे छातीतली कळ लपवली जाते, रक्तदाबाची गोळी लपवली जाते, आणि तपासणीच्या आठवडाभर आधी मीठ बंद केलं जातं. दमाची चाचणी डॉक्टरकडे नेणारी असेल, सहा महिन्यांचा व्यायाम लिहून देणारी असेल, तोवर पगार चालू ठेवून हलकं काम देणारी असेल, तर माणूस आपणहून पुढे येतो. ही साधी गोष्ट आहे आणि खर्चाची आहे, म्हणून ती होत नाही.

परवा यावरूनच आमचं वाजलं. त्याच्या पाळीत पंपावर बसणारे एक ज्येष्ठ आहेत, गुडघे गेलेले, पण पंपातला प्रत्येक आवाज ओळखणारे. त्यांनाही ७५ किलोंचा डमी ओढायला लावायचा का? माझं म्हणणं, लावू नये. काम वेगळं तर कसोटी वेगळी, नाहीतर आपणही त्या अकरा मिनिटांच्या धावण्याशीच येऊन पोचतो. भाऊ ऐकेना. मनुष्यबळ कमी असतं तेव्हा पंपावरचा माणूस पंपावरच राहील याची हमी कोण देणार, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, मग माणसं वाढवायची मागणी करा, म्हाताऱ्याच्या गुडघ्यांकडून ती भरून काढू नका. बरंच झाल्यावर तो म्हणाला, डमी नको तर नको, पण जिना ठेवायचा. वरच्यांना भरलेला सिलिंडर पोचवायला कुणीतरी लागतंच, आणि तो पंपाशेजारचाच असतो. हे मला मान्य करावं लागलं. किती मजले आणि किती वेळात, यावर अजून घासाघीस चालू आहे.